दोरी मधात थांबते तेव्हा

भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तरंगांचे चित्र काढणे फार सोपे. फळ्यावर नागमोडी रेघ ओढली की मास्तरांचे काम झाले. निस्पंद बिंदू, प्रस्पंद बिंदू या शब्दांची व्याख्या पाठ होते, गुण मिळतात आणि तरंग मात्र कोणीच पाहिलेला नसतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात विज्ञानाची खोकी घेऊन मी बरीच वर्षे हिंडतो आहे. एका शाळेत (नाव कशाला?) कंपनयंत्र कपाटात कुलूपबंद होते, वापरले तर मोडेल आणि डेडस्टॉक रजिस्टरात उत्तर द्यावे लागेल, ही भीती! निरीक्षणे मात्र सगळ्यांच्या जर्नलमध्ये, आणि सगळ्यांची सारखीच.

वस्तुतः या यंत्रात मोठे गौडबंगाल नाही. चुंबकात बसवलेले तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला दांडा. म्हणजे मुळात लाऊडस्पीकरच. मी तर जुन्या स्पीकरच्या कागदी शंकूवर प्लॅस्टिकची डबी चिकटवून काम भागवतो. तिला दोरी बांधायची, दुसरे टोक कप्पीवरून खाली सोडून वजन टांगायचे. एका मीटरला ०.४ ग्रॅम भरणारी दोरी, सव्वा मीटर लांबी आणि १०० ग्रॅम वजन घेतले, तर सेकंदाला सुमारे २० कंपनांवर दोरी एका फुगवट्यात डोलते. ४०वर दोन, ६०वर तीन. वजन चौपट केले की ४०वर पुन्हा एकच. जर्मन शास्त्रज्ञ फ्रान्झ मेल्डे यांनी एकोणिसाव्या शतकात नादकाट्याला दोरा बांधून दाखवले ते हेच.

दोन फुगवट्यांच्या मधल्या जागी बोट लावले तरी डोलणे चालू राहते, फुगवट्याला लावले की सगळे मरते. हे पाहताना भामरागडकडच्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, दोरी मधात थांबली, तं हलणं पलीकडं गेलं कसं?’’

हा प्रश्न साधा नव्हे. स्पीकर एका टोकाला आहे. पलीकडच्या फुगवट्याची ऊर्जा हवेत व दोरीत सतत खर्च होते, ती भरून निघायची तर त्या स्थिर जागेतूनच जायला हवी. म्हणजे ती जागा पूर्ण स्थिर असूच शकत नाही, किंचित हलतेच. नेमक्या याच सूक्ष्म हालचालीवर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९०९ साली ‘नेचर’मध्ये टिपण लिहिले होते. तेव्हा ते सरकारच्या अर्थखात्यात नोकरीला होते, आणि संशोधन फावल्या वेळात. पुढे लवकरच त्यांची काही काळ आपल्या नागपूरलाही बदली झाली होती!

मी तिला उत्तर सांगितले नाही. दोरीमागे काळा कागद धरला, मोबाइलवर संथ गतीचे चित्रण घेतले आणि फोन तिच्या हाती दिला. त्या बिंदूवर तिने शाईचा ठिपका दिला होता. पडद्यावर तो ठिपका जेमतेम थरथरत होता. वर्ग फोनभोवती गोळा झाला. मधली सुट्टी झाल्याची घंटा वाजली, पण कोणी उठले नाही.