सायकलस्वारांचा सारथी



सोनईहून घोडेगावच्या रस्त्यानें समोरच्या वाऱ्यांत सायकल दामटणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाहीं : पुढें कोणी स्वार असला, तर त्याच्या आडोशानें श्रम पुष्कळ वांचतात. धंदेवाईक सायकल-शर्यतीचें सारें शास्त्र ह्या आडोशावर उभें आहे. संघांतील इतर स्वार वारा अंगावर घेऊन नायकाची शक्ति राखतात. ती केव्हां खर्चावी, हें मागून मोटारींतून येणारा व्यवस्थापक सांगतो.

ह्या विद्येंत फ्रान्सच्या सिरील गिमारचें नांव अग्रभागीं आहे. त्याचा जन्म १९४७ चा. १९७२ च्या 'टूर द फ्रान्स' शर्यतींत त्यानें चार टप्पे जिंकले, आघाडीचा पिवळा सदरा कांहीं दिवस मिरवला आणि एडी मेर्क्ससारख्या बलाढ्य बेल्जियन वीराला झुंजविलें. परंतु गुडघ्यांनीं दगा दिला. शर्यत संपण्यास दोन दिवस उरले असतां, दुसऱ्या क्रमांकावरून, त्याला ती सोडावी लागली. गुणांच्या स्पर्धेचा हिरवा सदरा त्यामुळें मेर्क्सकडे गेला. मेर्क्सनें तो पॅरिसमध्यें गिमारच्याच हातीं दिला.

१९७६ सालीं, एकोणतिसाव्या वर्षीं, गिमार जितान संघाचा व्यवस्थापक झाला. त्याच वर्षीं पिरेनीज पर्वतांत त्यानें ल्यूसियें व्हान इम्पला, अखेरची चढण पुष्कळ दूर असतांनाच, पुढें निसटण्याचा हुकूम केला. व्हान इम्प आधीं कचरला, मग निघाला. प्रतिस्पर्धी झूटेमेल्क त्या दिवशीं तीन मिनिटांहून अधिक मागें पडला, आणि टूर व्हान इम्पनें जिंकली.

पुढें सोडण्याहून मागें राखणें अधिक कठीण. १९७७ मध्यें बावीस वर्षांचा बेर्नार इनो मोठमोठ्या शर्यती जिंकीत होता. तरी गिमारनें त्याला त्या वर्षीं टूरमध्यें उतरविलें नाहीं. १९७८ मध्यें इनो प्रथमच उतरला आणि विजयी झाला. त्याचे १९७९, १९८१ व १९८२ चे, आणि लोराँ फिन्यों ह्याचे १९८३ व १९८४ चे विजय धरून, गिमारच्या हाताखालीं सात टूर जिंकल्या गेल्या.

तथापि १९८० मध्यें पिवळा सदरा अंगावर असतां इनोलाही गुडघ्याच्याच दुखण्यानें माघार घ्यावी लागली. आणि १९८३ नंतर गुरुशिष्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मोटारींतून रस्ता दिसतो, वारा ओळखतां येतो, प्रतिस्पर्ध्याचा थकवाही हेरतां येतो. परंतु गुडघ्यांतील कळ स्वारालाच सोसावी लागते. ज्यानें ती एकदां सोसली आहे, त्यालाही ती दुसऱ्यासाठीं टाळतां येतेच असें नाहीं. म्हणून विजयाची योजना व्यवस्थापकाची असली, तरी विजय स्वाराच्या नांवावर लिहिला जातो, हें न्याय्यच होय.