पिस्तुलावरचा लाल ठिपका : उपयोगाचा की नुसत्या हौसेचा?

पिस्तुलाने नेम धरणे हे रायफलीपेक्षा कितीतरी अवघड काम आहे. रायफलीचा दस्ता खांद्याला टेकलेला असतो, गाल त्यावर स्थिरावलेला असतो. पिस्तुलाला केवळ दोन हातांचा आधार. मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि समोरचे लक्ष्य या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात आणि डोळा तर एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट पाहू शकतो. म्हणूनच नेमबाजाला पहिला धडा दिला जातो तो असा की, दृष्टी माशीवर ठेवावी. लक्ष्य अंधुक दिसले तरी चालेल. कागदी लक्ष्यासमोर हे ठीक आहे. पण समोरच्या माणसाच्या हातात शस्त्र आहे की मोबाइल, हे क्षणार्धात ठरवायचे असलेल्या पोलिसाला ते अंधुक दिसणे परवडणारे नसते.

नेमकी हीच अडचण ‘रेड डॉट साइट’ दूर करते. या उपकरणात एक बारीक एलईडी दिवा असतो. त्याचा प्रकाश विशिष्ट लेप दिलेल्या वक्र काचेवरून परावर्तित होऊन डोळ्यात शिरतो आणि ठिपका जणू दूर लक्ष्यावरच उमटल्याचा भास होतो. लक्ष्यावर तांबडा किरण मात्र पडत नाही. चित्रपटांतून दिसणारे लेझर ते वेगळे. नेमबाजाने दृष्टी लक्ष्यावरच ठेवायची, ठिपका आपोआप तेथे दिसतो. कल्पना जुनी आहे. दुर्बिणी बनविणारे डब्लिनचे हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली परावर्तनावर चालणारे असे साधन सुचविले होते. ‘एमपॉइंट’ या स्वीडिश कंपनीने १९७५ मध्ये त्याला विजेच्या ठिपक्याची जोड दिली.

रायफलीवर स्थिरावलेले हे साधन पिस्तुलावर यायला वेळ लागला, कारण पिस्तुलाची स्लाइड प्रत्येक गोळीसरशी जोराने मागेपुढे आपटते. तिच्यावर बसविलेली काच आणि विजेची जोडणी टिकणार कशी? ‘ट्रिजिकॉन’ कंपनीचे २००९ मध्ये आलेले ‘आरएमआर’ हे दणके सोसणाऱ्या पहिल्या काही साधनांपैकी एक. २०१५ मध्ये ‘ग्लॉक’ने असे साधन थेट बसविता येईल अशी पिस्तुले बाजारात आणली. अमेरिकी लष्कराने २०१७ मध्ये निवडलेल्या ‘एम १७’ पिस्तुलातही ती सोय आहे.

तरीही ठिपका बसविला म्हणजे नेम सुधारला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. नवशिक्याची पहिली तक्रार ठरलेली असते : ठिपका दिसतच नाही! पिस्तूल डोळ्यासमोर आणताना मनगट किंचित जरी कलले, तरी ठिपका काचेच्या चौकटीबाहेर जातो. साध्या माशीच्या बाबतीत ती किती व कोणीकडे सरकली, हे निदान दिसते तरी. येथे समोर फक्त रिकामी काच उरते. मग ठिपका शोधण्यात जो सेकंद जातो, तो प्रसंगी प्राणावर बेतू शकतो. रिकाम्या पिस्तुलाने, म्हणजे गोळी न झाडता, ते शेकडो वेळा उचलून डोळ्यासमोर आणण्याचा सराव हाच यावरचा उपाय. अमेरिकेतील अनेक पोलिस विभाग म्हणूनच स्वतंत्र प्रशिक्षणाशिवाय हे साधन वापरू देत नाहीत. तीन-चार मीटरवर त्याचा फायदा फारसा जाणवत नाही. अंतर वाढते तसा तो वाढतो.

चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते आणि माशी पुसट होते. अशांना ठिपका वरदानच वाटतो. याउलट दृष्टिवैषम्याचा दोष असलेल्यांना तोच ठिपका फिसकटलेल्या चांदणीसारखा दिसतो. उजेड कमी केल्यास किंवा योग्य चष्मा वापरल्यास त्रास बराच कमी होतो. ठिपक्याचा आकारही महत्त्वाचा. ‘आरएमआर’मधील ३.२५ मिनिटांचा ठिपका २५ मीटरवर सुमारे २.४ सेंटिमीटर जागा व्यापतो, तर ६.५ मिनिटांचा त्याच्या दुप्पट. मोठा ठिपका चटकन सापडतो, लहान बारीक नेमाला बरा.

गंमत अशी की, नेमबाजीचा कस लागतो त्या ऑलिंपिकमधील पिस्तुलाच्या स्पर्धांत या साधनाला मज्जाव आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक पटकावले, ते साध्या माशी-खाचेवरच.

बाकी राहतो तो भरवशाचा प्रश्न. उघड्या बनावटीच्या साधनात पावसाचा थेंब किंवा धूळ दिव्यावर बसली, की ठिपका विस्कटतो. बंदिस्त बनावटीत हा धोका कमी, वजन मात्र अधिक. सेल संपतो, स्क्रू ढिले होतात. त्यामुळे जाणकार पिस्तुलावरची जुनी माशी काढून टाकत नाहीत. उलट ती उंच करून घेतात, म्हणजे ठिपका विझला तरी त्याच काचेतून नेम धरता येतो. सेल मात्र संपण्याची वाट न पाहता, ठरलेल्या तारखेला बदलतात.