स्फोटलाट आणि मेंदूची सौम्य इजा
जवानाला सुरुंगाच्या स्फोटात बाहेरून ओरखडाही न उठता मेंदूला इजा होऊ शकते, कारण स्फोटलाट, म्हणजे हवेच्या दाबात क्षणार्धात होणारी प्रचंड वाढ, कवटी शाबूत असतानाही आतील चेतातंतूंना ताण देऊ शकते. बेशुद्धी अर्ध्या तासाहून अधिक आणि स्मृतिलोप एका दिवसाहून अधिक टिकला नाही, तर वैद्यकशास्त्र या इजेस ‘सौम्य’ म्हणते. हा शब्द मात्र फसवा आहे, कारण सीटी स्कॅन बहुधा निर्दोष येऊनही डोकेदुखी, निद्रानाश, चिडचिड व विसराळूपणा काहींना महिनोन्महिने छळतो. जानेवारी २०२० मध्ये इराकमधील अल असद तळावरील क्षेपणास्त्र हल्ल्यानंतर प्रारंभी कोणीही जखमी नसल्याचे जाहीर झाले, परंतु पुढे शंभराहून अधिक अमेरिकी सैनिकांत मेंदूची इजा आढळली.