लांबची धाव आणि हळवे पोट

सर्वण गावातील एक तरुण गेली दोन वर्षे लांब पल्ल्याच्या धावण्याचा सराव करीत आहे. पहाटे घराबाहेर पडून तो कधी मये तळ्यापर्यंत, तर कधी थेट नार्व्याच्या फेरीधक्क्यापर्यंत धावून येतो. पायांची त्याला चिंता नाही, चिंता आहे ती पोटाची. एकवीस किलोमीटरच्या एका शर्यतीत वाटेत मिळालेले गोड पेय त्याने एका दमात संपविले आणि थोडे पुढे जातो न जातो तोच ते सगळे रस्त्याच्या कडेला ओकून टाकले. पुढील खेपेस धसका घेऊन त्याने पाण्याचा थेंबही घेतला नाही, तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो वाटेतच खाली बसला. त्याच्या आईने आम्हांस विचारले, "प्याला तर ओकतो, न प्याला तर पडतो. मग ह्याने करावे तरी काय?"

त्या माउलीचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ह्या बाबतीत जगातील जाणकारही एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेलेले आहेत. 1904 साली सेंट लुईस येथील ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये पाण्याची सोय मुद्दाम तुटपुंजी ठेवण्यात आली होती. धावताना पाणी पिणे हे दुबळेपणाचे लक्षण, अशी त्या काळची समजूत. उन्हात आणि धुळीत 32 जण धावले, त्यांतले 14 शेवटपर्यंत पोहोचले. आपल्या बेळगावचा फडेप्पा चौगुले 1920 साली अँटवर्पला मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला, तोही ह्याच समजुतीच्या काळात. पुढे वारे फिरले. 1996 साली अमेरिकेतील क्रीडावैद्यकांच्या संस्थेने, घामावाटे जाईल तितके किंवा पोटाला सोसेल तितके पाणी प्यावे, असा उपदेश केला. लोक तहान नसतानाही पिऊ लागले. 2002 सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा शंभरांत तेरा जणांच्या रक्तातील मीठ प्रमाणाबाहेर उतरलेले आढळले, आणि त्याच शर्यतीत एक तरुण स्त्री ह्याच कारणाने मृत्यू पावली. म्हणजे पाणी न पिण्याने जसा घात होतो, तसाच अति पिण्यानेही होतो. आज शहाण्यांचे मत पुन्हा साध्या जागी येऊन ठेपले आहे: तहान लागेल तसे प्यावे, आणि धाव संपल्यावर वजन आरंभापेक्षा वाढलेले नसावे.

आता पोटाकडे वळू. माणूस धावू लागला म्हणजे रक्त पायांकडे आणि कातडीकडे धाव घेते, आणि आतड्यांचा वाटा फार कमी होतो. अशा अर्धपोटी राहिलेल्या आतड्यांवर एकदम अर्धा लिटर गोड पाणी ओतले, तर ते शोषून घेण्याचे बळ त्यांच्यात नसते. त्यातून पेय फार गोड असले तर गोष्ट उलटीच घडते: साखर पातळ करण्यासाठी शरीरच आपले पाणी आतड्यांत सोडते. मग मुरडा, मळमळ, जुलाब. आमच्या तरुणाचे नेमके हेच झाले. दोष पाण्याचा नव्हता, घाईचा आणि गोडीचा होता.

ह्यावरचा मार्ग मात्र आपल्याच देशाने जगाला दाखविला आहे. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आल्यावर मीठसाखरेचे पाणी तोंडावाटे पाजून असंख्य जीव वाचविले. त्यामागील मर्म असे की, साखर आणि मीठ एकमेकांचा हात धरून आतड्याच्या भिंतीतून आत जातात आणि पाण्याला बरोबर नेतात. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा; एवढेच ते औषध. बाजारातील पुष्कळशा पेयांहून त्यात साखर कमी, म्हणून हळवे पोटही ते सोसते.

आणि आपली पेज? उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ, त्यात चिमूटभर मीठ, हे त्याच कुळातील पेय होय. शहाळ्याचे पाणी गुणी खरे, पण त्यात मीठ फार थोडे. घाम गाळणाऱ्याने तेवढ्यावरच विसंबू नये. सोलकढी घरी परतल्यावर घ्यावी, कारण नारळाचा रस स्निग्ध असल्याने पोटात रेंगाळतो.

आम्ही त्या तरुणास सांगितले ते इतकेच. आदल्या रात्री तिखट, तळलेले आणि दूध टाळ. धावण्याआधी दोन तास पेज घे. वाटेत पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट, तेही तहान पाहून. जे शर्यतीत प्यायचे ते आधी महिनाभर सरावात पिऊन पाहा, कारण पोटही पायांप्रमाणे सरावाने तयार होते. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करून पाहा. एक किलो घटले तर सुमारे एक लिटर पाणी गेले असे समज. अंगदुखीच्या गोळ्या घेऊन कदापि धावू नको, त्यांनी आतड्यांना आणि मूत्रपिंडांना इजा होते. शौचातून रक्त गेले, किंवा डोके दुखून भ्रम होऊ लागला, तर आणखी पाणी न पाजता डॉक्टर गाठावा, हे आईलाही बजावले. रक्तदाबाच्या माणसाने मीठ वाढविण्याआधी डॉक्टरांस विचारावे.

रविवारच्या मिस्सेची अडचणही त्याने काढली. पवित्र सहभागाआधीचा उपवास हल्ली एका तासाचा आहे, आणि साध्या पाण्याने तो मोडत नाही. ही मोकळीक बाराव्या पायस पोपमहाशयांनी 1953 सालीच दिली. (पोटाच्या दुखण्याविषयी संत पौलानेही तिमथीस सल्ला दिला होता, पण तो द्राक्षारसाचा. धावपटूंनी तो शर्यतीपुरता बाजूस ठेवावा.)

हे सारे केवळ धावणाऱ्यांसाठी आहे असे नव्हे. डिसेंबरच्या फेस्ताला जुन्या गोव्यास पायी जाणारे आपल्यांत थोडे नाहीत. पहाटे गारव्यात तहान जाणवत नाही, आणि ऊन चढल्यावर माणसे एकदम घटाघट पितात. नार्व्याहून दिवाडीला जाताना फेरीबोटीत बसायला मिळते, तेव्हा सावकाश दोन घोट घ्यावेत.

गेल्या महिन्यात तो तरुण नार्व्यापर्यंत जाऊन परत आला. बाटलीत पेजेची निवळ होती, आणि परतल्यावर तिच्यात थोडी उरलीही होती. आईने ती हलवून पाहिली, त्याला वजनकाट्यावर उभे केले आणि मग न बोलता मिठाचे पाणी पुढे केले.