जुनी फ्रेंच सायकल: फ्रेम कशी ओळखायची, पार्ट्स कुठून मिळवायचे?

माझे मामा मर्चंट नेव्हीत होते. १९७०च्या दशकात त्यांनी मार्सेयहून आणलेली प्यूजो सायकल आता माझ्याकडे, करावे गावात आहे. पेडल मारताना खडखड व्हायला लागली म्हणून ती जवळच्या मेकॅनिककडे नेली. त्याने उजव्या बाजूच्या बीबी कपाला पान्हा लावला आणि सवयीप्रमाणे घड्याळाच्या दिशेने फिरवला. कप सुटायच्या ऐवजी आणखी आवळला गेला! नशीब, तिथेच थांबलो.

असं का झालं?

आपल्याकडच्या बहुतेक सायकली ब्रिटिश मापाच्या. त्यात उजव्या कपाला उलटे आटे असतात. फ्रेंच फ्रेमला दोन्हीकडे सरळ आटे, म्हणजे दोन्ही कप घड्याळाच्या उलट दिशेने सुटतात.

मापही वेगळं. ब्रिटिश कप १.३७ इंच (३४.८ मिमी), इंचाला २४ आटे. फ्रेंच कप ३५ मिमी, दर मिलिमीटरला एक आटा. त्यामुळे ब्रिटिश कप डावीकडे एक-दोन फेरे जातो आणि अडकतो. मग जोर लावला की फ्रेमचेच आटे मरतात. कप बदलता येतो, फ्रेम नाही!

कशी ओळखाल?

१. व्हर्नियरने सीट ट्यूब मोजा. फ्रेंच २८ मिमी, ब्रिटिश २८.६ मिमी. रंगाचा थर धरू नका.
२. कपावर ‘३५×१’ कोरलंय का बघा. पण उजवीकडे आटे उलटे असतील तर ते स्विस माप.
३. मूळ पेडलवर डाव्या-उजव्यासाठी ‘जी’ आणि ‘डी’ ही फ्रेंच अक्षरं असू शकतात.

नुसत्या कंपनीच्या नावावर जाऊ नका. १९८०च्या दशकात फ्रेंच कंपन्याही ब्रिटिश मापाकडे वळल्या.

पार्ट्सचं काय?

आधी जुने कप जपा. बॉल पाव इंचाचेच असतात, ते आपल्या दुकानातही मिळतात. कप खराबच झाले असतील तर ईबेवर जुने फ्रेंच कप शोधा, किंवा ‘थ्रेडलेस’ बीबी घ्या. तो आट्यांवर अवलंबून नसतो. हँडलचा स्टेम फ्रेंच मापात २२ मिमी, नेहमीचा २२.२ मिमी. तो पॉलिश पेपरने घासून बसवता येतो.

आम्ही शेवटी फक्त डावा कप उघडला, एक्सल काढला, उजवा कप जागेवरच पुसला आणि नवे बॉल, ग्रीस भरलं. खडखड गेली. म्हणून सांगतो, पान्हा लावण्याआधी मोजा.