स्वतःलाच खोडणारा न्यायाधीश

समजा, राक्षसांशी लढता लढता तुमच्या अंगात एकाएकी अलौकिक शक्ती संचारली. पुढे काय व्हायला आवडेल? देवदूत? दानव? की मढ्यांची फौज उभी करणारा लिच? २०२१ सालचा ‘पाथफाइंडर: रॅथ ऑफ द राइटियस’ हा व्हिडिओ गेम तिसऱ्या अंकाच्या तोंडाशी अशा सहा वाटा समोर ठेवतो. त्यातली सगळ्यात रुक्ष वाटणारी वाट म्हणजे ‘ईऑन’: नियम आणि समतोल यांचा रखवालदार.

देवदूत व्हायचं सोडून कायद्याचं पुस्तक कोण उचलेल? मीही नाक मुरडलं होतं.

पण या कल्पनेचं कूळ बघा. पोल अँडरसन आणि मायकल मूरकॉक या कादंबरीकारांनी जगातलं खरं भांडण पाप-पुण्याचं नव्हे, तर सुव्यवस्था आणि अनागोंदीचं मानलं. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळाने तेच उचललं. त्या पहिल्या आवृत्तीत पात्र चांगलं की वाईट असा रकानाच नव्हता! होते ते सुव्यवस्था, तटस्थता आणि अनागोंदी. चांगलं-वाईट नंतर आलं.

ईऑन त्याच जुन्या रक्ताचा. त्याची नजर अपराध हेरते आणि निवाडा करताना आपला-परका बघत नाही. दया? तराजूत तिचं वजनच धरलेलं नाही.

आता खरी गंमत. (गेम खेळायचा असेल, तर इथेच थांबा.) ईऑन काळातही मागे जाऊ शकतो. मग नियमाचा सगळ्यात मोठा भंग कोणता? अरीलू व्होर्लेश या जादूगारणीने जगाला पाडलेलं भगदाड, ‘वर्ल्डवूंड’, जिथून राक्षस आत घुसले. ते मुळात पडूच द्यायचं नाही! पण थांबा, नायकाची शक्ती आली कुठून? त्याच अरीलूच्या प्रयोगांतून. भगदाड नाही, तर युद्ध नाही. युद्ध नाही, तर त्याचा सेनापती असलेला नायकही नाही.

दोन मांजरांचं लोणी सारखं करता करता माकडाने सगळं गट्ट केलं, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली. इथलं माकड तराजूचा काटा सरळ करायला स्वतःच पारड्यातून उतरतं, आणि ज्या शहरांसाठी तुम्ही तासन्‌तास लढलात, तिथे तुमचं नाव कुणी ऐकलेलंही नसतं.