यंत्र पाणी तापवीत नाही तेव्हा

कपडे धुण्याचे यंत्र आता केवळ शहरापुरते राहिलेले नाही. कर्जत-खालापूरच्या खेड्यांतून ते दिसते, आणि घाट चढून माथेरानच्या घरांतही ते जाऊन बसले आहे. तिथे त्याला काम भरपूर. ज्या घरी पाहुण्यांना खोल्या देतात, त्या घरी हंगामात रोज चादरी-अभ्र्यांचा ढीग पडतो. असे यंत्र मध्येच थांबले आणि त्याच्या काचेवर दोन अनोळखी अक्षरे लुकलुकू लागली, की घरच्या माणसांच्या तोंडचे पाणी पळते.

मिस्त्री बोलवावा, तर माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यापाशीच थांबते. तिथून बाजार सुमारे अडीच किलोमीटर. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला हे खरे. पण साठ-सत्तर किलोचे यंत्र खाली नेऊन पुन्हा वर आणायचे म्हणजे खर्च आणि खोळंबा दोन्ही आले. मिस्त्रीने अंदाजाने एक नग बदलला आणि दोष दुसराच निघाला, तर ही सगळी यातायात पुन्हा. म्हणून दोष नेमका कुठे आहे हे आधी ओळखता आले, तर पुष्कळ त्रास वाचतो. आज आपण अशाच एका दोषाचा विचार करू : पाण्याची उष्णता सांगणाऱ्या भागाचा, ज्याला 'सेन्सर' म्हणतात त्याचा.

परटाची भट्टी आठवून पाहा. पाणी किती तापले, कपडा केव्हा उतरवावा, हे परीट वाफेवरून आणि सरावाने ओळखत असे. यंत्राजवळ डोळे नाहीत, सराव नाही. पाणी तापवणाऱ्या, समोरून दार उघडणाऱ्या यंत्रात टाकीच्या तळाशी एक हीटर असतो, साधारण २,००० वॅटचा. त्याच्या शेजारीच बोटाच्या पेराएवढी एक धातूची नळी पाण्यात डोकावत असते. तिच्या पोटात एक लहानसा मणी असतो. त्याचे नाव थर्मिस्टर. हाच यंत्राचा सेन्सर.

या मण्याचा गुण मोठा गमतीचा आहे. तांब्याची तार तापली की विजेच्या प्रवाहाला होणारा तिचा विरोध वाढतो. या मण्याचे उलटे. तो तापला की त्याचा विरोध झपाट्याने कमी होतो. पदार्थाचा असा उलटा स्वभाव मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३३ साली चांदीच्या एका संयुगात पाहिला होता. आता उदाहरण घेऊ. समजा, २५ अंशांना एका मण्याचा विरोध १०,००० ओहम आहे. पाणी ४० अंशांवर गेले की तो साधारण ५,३०० होतो, आणि ६० अंशांवर अवघा २,५००. यंत्रातील नियंत्रणाची पाटी, जिला मिस्त्री 'कार्ड' म्हणतात, ती हा विरोध मोजते आणि त्यावरून हीटर चालू ठेवायचा की बंद करायचा ते ठरवते.

इथेच सारी मेख आहे. कार्डाला पाणी दिसत नाही. त्याला फक्त विरोधाचा आकडा कळतो. मण्याची तार कुठे तुटली तर विरोध अमर्याद होतो. कार्डाच्या हिशेबाने याचा अर्थ, पाणी बर्फाहूनही गार! तेच दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर विरोध शून्यावर येतो आणि पाणी उकळ्या फुटण्यापलीकडे गेले असे कार्डाला वाटेल. असे आकडे खरे असणे शक्य नाही, हे यंत्र बनवणाऱ्याने कार्डाला आधीच शिकवून ठेवलेले असते. म्हणून ते काम थांबवते आणि खूण दाखवते. एलजीच्या यंत्रांवर 'टी' आणि 'ई' ही इंग्रजी अक्षरे येतात. दुसऱ्या कंपनीची खूण वेगळी असेल. ती सोबतच्या पुस्तिकेत पाहावी.

तेव्हा ही खूण दिसली म्हणजे सेन्सर बिघडलाच, असे समजू नये. खुणेचा अर्थ एवढाच, की कार्डाला मिळालेली बातमी पटलेली नाही. दोष बातमी देणाऱ्यात असेल, ती आणणाऱ्या तारेत असेल, किंवा ऐकणाऱ्या कार्डातही असेल. खेरीज काही यंत्रे, पाणी ठरल्या वेळेत तापले नाही म्हणूनही तक्रार करतात. मग शोध कसा घ्यावा? सोप्यापासून अवघडाकडे, आणि बाहेरून आत.

पहिली गोष्ट, यंत्र न उघडता करण्याची. बटण बंद करा, प्लग काढा, दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा सुरू करून पाहा. खूण गेली आणि परत आली नाही, तर तूर्त काही करू नका. दुसरे, घरातला विजेचा दाब पाहा. खेड्यांत संध्याकाळी दिवे मंदावतात, हे आपल्याला ठाऊक आहे. २३० व्होल्टऐवजी १८० मिळाले, तर २,००० वॅटचा हीटर १,२०० वॅटच्या आसपासच काम करतो. बारा लिटर पाणी २२ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला एरवी सोळा मिनिटे लागत असतील, तर आता सव्वीस लागतील. दोष फक्त संध्याकाळीच दिसत असेल, तर संशय दाबावर घ्यावा, सेन्सरवर नव्हे.

एवढ्याने भागले नाही, तर यंत्र उघडण्याचा प्रश्न येतो. यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर ते मुळीच उघडू नये. विजेच्या कामाचा सराव नसेल, तर पुढचे काम जाणकाराला सांगावे आणि आपण शेजारी उभे राहून पाहावे. नुसते बटण बंद करून भागत नाही; प्लग भिंतीतून काढलाच पाहिजे. नळ बंद करावा, खालच्या गाळणीतून पाणी काढून टाकावे, जमीन आणि हात कोरडे असावेत.

आता काही यंत्रांचा पुढचा, तर काहींचा मागचा पत्रा काढला की हीटरची टोके दिसतात. हीटरच्या दोन जाड तारा असतात. सेन्सरच्या तारा बारीक. आधी हत्यार न लावता नुसते डोळ्यांनी पाहा. माथेरानच्या पावसाळ्यात धुके घरात शिरते, पेटीतले कपडेसुद्धा दमट होतात. मग पितळेच्या त्या इवल्या पिना कशा सुटतील? त्यांच्यावर हिरवा कळंक चढतो आणि जोड असूनही नसल्यासारखा होतो. कित्येक यंत्रे खालून उघडी असतात. उंदीर आत शिरतो आणि बारीक तार कुरतडतो. यंत्र गरगर फिरताना हादरते, त्यानेही जोड सैल पडतो. जोड काढून, कोरड्या फडक्याने पुसून, पुन्हा घट्ट बसवला एवढ्यावरच काही वेळा यंत्र सुरळीत चालू लागते. खर्च शून्य.

तरीही दोष राहिला तर मल्टिमीटर घ्यावा. प्लग काढलेलाच आहे याची खात्री करून सेन्सरचा जोड सोडवा आणि त्याच्या दोन पिनांमधला विरोध मोजा. काही यंत्रांत तो नेहमीच्या हवेत ५,००० ओहमच्या आसपास असतो, काहींत १०,००० ते १२,०००, तर काहींत २०,०००. आपल्या यंत्राचा आकडा त्याच्या माहितीपत्रावरून घ्यावा. शेजाऱ्याच्या यंत्रावरून ठरवू नये. मीटरने अमर्याद किंवा शून्य दाखवले, तर मणी गेला. आकडा योग्य आला, तर नळीचे टोक बाहेर काढून कोमट पाण्यात धरा. आकडा हळूहळू, एकसारखा उतरला पाहिजे. तो मध्येच उड्या मारू लागला तर मणी अधूमधून दगा देणारा आहे असे समजा. पाहणाऱ्याला चकवतो तो हाच.

मणी चांगला निघाला तर तारेकडे वळा. कार्डाजवळचा जोड काढून त्या टोकाला तोच विरोध मोजा. मण्यापाशी १०,००० आणि कार्डापाशी अमर्याद, तर तार वाटेत तुटली हे उघड आहे. दोन्हीकडे आकडा सारखा आणि बरोबर आला, तरच संशय कार्डावर न्यावा. कार्ड हा यंत्रातील महाग नगांपैकी एक. म्हणून त्याचे नाव सर्वांत शेवटी घ्यायचे. पुष्कळ ठिकाणी ते सर्वांत आधी घेतले जाते.

एक धोक्याची सूचना. सेन्सर काढून त्याच्या जागी ठरावीक विरोधाचा तुकडा जोडून 'तात्पुरतं चालवून देतो' असे कोणी म्हणाले, तर स्पष्ट नकार द्या. आकडा ठरावीक राहिला, की पाणी कितीही तापले तरी कार्डाला ते गारच वाटणार आणि हीटर चालूच राहणार. कपडे जातील, रबर जाईल, आणि आगीची भीती राहील ती वेगळीच. नवा मणी येईपर्यंत, यंत्र गार पाण्याच्या धुण्यावर चालत असेल तर तसेच चालवावे; चालत नसेल तर बादली आहेच.

आमच्या शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. थर्मिस्टरचा सुटा मणी बाजारात थोडक्या पैशांत मिळतो. तो मल्टिमीटरला जोडावा. एका पेल्यात साधे पाणी आणि दुसऱ्यात कोमट पाणी घेऊन, तापमापक ठेवून, मुलांकडून दर पाच अंशांना आकडा टिपून घ्यावा आणि आलेख काढवून घ्यावा. ती रेघ सरळ येत नाही, वाकते. ती का वाकते हा प्रश्न मुलेच विचारतील.

शेवटी मिस्त्रीला निरोप धाडताना यंत्राचा नमुना क्रमांक, काचेवरची खूण आणि आपण मोजलेले आकडे कागदावर लिहून कळवावेत. म्हणजे नेरळहून निघताना तो योग्य नगच पिशवीत घालील, आणि दस्तुरीपासूनची त्याची पायपीट एका खेपेत संपेल.